लॅव्हेंडर तेल (घरगुती उपचार)

लॅव्हेंडर तेल : लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया (कुल लॅबिएटी) या झुडपाच्या फुलोऱ्यांपासून वाफेच्या साहाय्याने काढलेले बाष्पनशील सुगंधी तेल. झुडूप मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगराळ भागातले. तुळस, पुदिना आणि सब्जा याच कुलातले. झोप लागावी, जिवाची घालमेल थांबावी, डोके उतरावे, भाजलेले लवकर बरे व्हावे अशा नाना कारणांसाठी ते घरोघरी वापरले जाते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना थोडाफार आधार आहे, बाकीच्यांना फारसा नाही.

व्यापारी लॅव्हेंडरची ख्याती फ्रान्समधील प्रॉव्हान्स प्रांतामुळे झाली. अलीकडे बल्गेरियाही मोठा उत्पादक आहे. भारतात जम्मूच्या दोडा जिल्ह्यातील भदरवाह येथे मक्याऐवजी लॅव्हेंडर लावणारे शेतकरी पुष्कळ आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनने आणि जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने त्यांना रोपे आणि ऊर्ध्वपातनाची सोय पुरवली. भदरवाहला २०२२ मध्ये पहिला लॅव्हेंडर महोत्सव भरला. महाराष्ट्राच्या उष्ण, दमट हवेत हे झुडूप तग धरत नाही. त्याची भावंडे मात्र इथे रानात उगवतात : लॅव्हँड्युला बायपिनाटा आणि लॅव्हँड्युला गिब्सनाय. दुसरीचे नाव पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून पडले. बाजारातले तेल मात्र यांच्यापासून निघत नाही. युनानी वैद्यकातील उस्तुखुद्दूस हीही लॅव्हेंडरचीच आणखी एक जात. तिची वाळवलेली वनस्पती काढ्यात आणि अवलेहात घालतात, तेल नव्हे.

तेलाचे मुख्य घटक लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट हे दोन. दोन्ही कारखान्यात कृत्रिमरीत्या स्वस्तात बनतात, म्हणून भेसळ सोपी. शिवाय लॅव्हँडिन नावाची संकरित जात भरपूर तेल देते. त्यात कापूर अधिक असल्याने वास उग्र येतो. साबण आणि फरशी पुसण्याच्या द्रवांना ते चालते, उशाशी ठेवायला नको. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसेल, किंवा 'सुगंध तेल' एवढेच लिहिले असेल, तर ते उदबत्तीसाठी ठीक. उपचारासाठी त्याच्याकडे पाहू नये.

घरगुती वैद्यकात या तेलाला प्रतिष्ठा मिळाली ती रने-मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञामुळे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात तो भाजला. हात चुकून लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडाला आणि वेदना जादूसारखी थांबली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याने स्वतः लिहिलेली हकीकत वेगळी आहे : जखमा चिघळून त्यांत वायुकोथ (गॅस गँगरीन) झाला, तेव्हा त्याने लॅव्हेंडर तेलाने त्या मुद्दाम धुतल्या. १९३७ च्या पुस्तकाद्वारे त्याने 'अ‍ॅरोमाथेरपी' ही संज्ञा रूढ केली. एका माणसाच्या जखमेवरून भाजण्यावरचा रामबाण ठरत नाही. ताज्या भाजण्यावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी हाच उपाय. तेल, तूप, टूथपेस्ट काहीही नको, लॅव्हेंडरही नको.

अस्वस्थतेवरचा सर्वांत बळकट पुरावा वासाचा नसून गोळीचा आहे. जर्मनीत ८० मिलिग्रॅम प्रमाणित तेलाची कॅप्सूल औषध म्हणून मिळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या एका चाचणीत तिचा परिणाम लोराझेपॅम या चिंताशामक औषधाच्या ०.५ मिलिग्रॅम मात्रेइतका आढळला. चाचणीत ७७ रुग्ण होते आणि लोराझेपॅमची ती मात्रा किरकोळच, हे विसरू नये. मात्र नंतरच्या मोठ्या चाचण्यांचा कलही अनुकूलच निघाला. कॅप्सूलचा मुख्य त्रास म्हणजे लॅव्हेंडरच्या वासाचे ढेकर. यावरून बाटलीतले तेल चमच्याने प्यावे असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. युरोपीय औषध संस्था सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी या तेलाला 'पारंपरिक वापर' या वर्गात मान्यता देते. म्हणजे दीर्घकाळ वापरल्याचा आधार आहे, गुण सिद्ध झाल्याचा दाखला नव्हे.

वास हुंगण्याच्या चाचण्यांत मूळ अडचण अशी की लॅव्हेंडर ओळखू येतो. कोणाला खरे तेल आणि कोणाला बनावट हे रुग्णापासून लपवायचे कसे? १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर ६३५ स्त्रियांच्या अंघोळीच्या पाण्यात खरे लॅव्हेंडर तेल, कृत्रिम तेल किंवा निष्क्रिय द्रव घालून पाहिला. टाक्यांच्या वेदनेत लक्षणीय फरक पडला नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी खरे तेल वापरणाऱ्यांना थोडे बरे वाटले, इतकेच. माझ्या मते यात काही वाईट नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर दिवा मंद करून, मोबाइल बाजूला ठेवून, उशीशेजारी सुगंधी रुमाल ठेवला तर झोप येण्यात तेलाचा वाटा किती आणि त्या शिस्तीचा किती, हे वेगळे काढायची गरज घरात कोणाला पडते? फक्त निद्रानाश महिनोन्‌महिने टिकला तर डॉक्टर गाठावा.

वापरायचे तर थोडेच. रुमालावर एक-दोन थेंब, किंवा डिफ्यूझरमध्ये पाण्याबरोबर तीन-चार. खोलीला वारा असावा. मालिशसाठी दोन चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात तीन-चार थेंब पुरतात. कोरडे, म्हणजे न मिसळलेले, तेल त्वचेवर लावू नये. ते पाण्यापेक्षा हलके असून पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बादलीत टाकलेले थेंब वर तरंगतात आणि अंगाला तसेच चिकटतात. म्हणून आधी खोबरेलात मिसळावे. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर पाहावे.

जुने तेल वाईट. हवेशी संपर्क आल्यावर लिनॅलूलचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात आणि त्वचेला खाज, पुरळ आणणारे तेच. म्हणून बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची आणि थंड जागी असावी. नाकाला शिळा वास आला की टाकून द्यावी.

लहान मुलांबाबत २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन मुलग्यांच्या छातीत वाढ झाल्याची नोंद आली. लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेल्या प्रसाधनांकडे बोट दाखवले गेले. पुढील काही अभ्यासांनी तो संबंध दुबळा ठरवला. तरीही तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायचे कारण उरत नाही, साधे खोबरेल पुरेसे असते. अपस्माराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर टाळावा, कारण तिच्या यकृताला असे घटक निकामी करणे जड जाते.

गोड वासामुळे मूल बाटली तोंडाला लावते, तेव्हा गुंगी, खोकला, उलटी ही लक्षणे दिसतात. अशा वेळी उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.