शंकरपटाची वर्गणी आणि पैज

बांध्यांतला धान खळ्यावर येऊन मळणी उरकली, की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतीचा जो उत्सव भरतो, त्यास शंकरपट म्हणतात; आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा जरी 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला असला, तरी तेथील ही प्रथा जिल्ह्याच्या सरहद्दीहून पुष्कळ जुनी आहे. दोन समांतर वाटांवरून दोन जोड्या एकदम सुटतात, हलक्या छकडीवरचा धुरकरी कासरा आवळून पुढे झुकतो, आणि श्वास रोखून धरावा इतक्या अवधीत निकाल लागतो. परंतु त्या निकालामागे घरोघरची वर्गणी, पंचांची नेमणूक, सोयऱ्यांना धाडलेली निमंत्रणे आणि रात्रीच्या नाटकाचा मंडप अशी साऱ्या गावाची जमवाजमव उभी असते. पटाला आलेल्या पाहुण्यांच्या बैठकीत कित्येक सोयरिकीही जुळत आल्या आहेत.

हा मुलूख ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांतात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालकाची पद्धती, होती तोवर अशा उत्सवांस मालगुजाराचा आश्रय असे. 31 मार्च 1951 रोजी ती पद्धती संपुष्टात आली आणि खर्चाचा भार रयतेच्या वर्गणीवर आला. यात मला प्रथेचा उत्कर्षच दिसतो, कारण ज्याने दोन रुपये दिले, त्याचाही पट झाला.

वर्गणीच्या शेजारीच पैज नांदत असे. दोघा स्नेह्यांनी दोन जोड्या धराव्यात, सारखी रक्कम तिऱ्हाइताच्या हाती अनामत ठेवावी, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्यासकट सर्वांना चहा पाजावा, इतकाच तिचा निर्मळ व्यवहार. कायद्याची दृष्टी मात्र निराळी होती. 1867 चा सार्वजनिक जुगाराचा कायदा मध्यप्रांतास लागू होता. पुढे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 ने पैजेचा करार रद्दबातल ठरविला, म्हणजे हरणाऱ्याने हात वर केले तर दिवाणी कोर्टात दाद उरली नाही. त्याच कलमाने 500 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या बक्षिसासाठी जमविलेल्या वर्गणीस अभय दिले, पण ते केवळ घोड्यांच्या शर्यतीपुरते. शहरातल्या घोड्याची वर्गणी सांभाळणाऱ्या कायद्यास शेतकऱ्याच्या बैलाची आठवण होऊ नये, हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

पैजेनंतर खुद्द शर्यतीवरच गदा आली: 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्र राज्याने 2017 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. मनाईमागील कारण खोटे नव्हते. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे हे प्रकार घडत होते, आणि पैजेची रक्कम चढते तसा धुरकऱ्याचा हात निर्दय होतो. म्हणून पटाच्या पंचांस माझी विनंती आहे की, वर्गणीचा जमाखर्च त्यांनी गावासमोर वाचावा, स्नेहाची मर्यादा ओलांडणारी पैज पटाच्या आवारात होऊ देऊ नये, आणि पराणी घेऊन येणाऱ्याची जोडी सुटण्यापूर्वीच बाद करावी.