अठरा विश्वे आणि वरचे दोन

"आपल्या घरात अठराविश्वे दारिद्र्य होतं," असे आजी सांगू लागली की लहानपणी मला उगीचच अभिमान वाटायचा. भुवने चौदा, हे मला पाठ होते. म्हणजे आमचे दारिद्र्य चौदा भुवने व्यापून वर चार शिल्लक! एवढे मोठे आमच्या घराण्यात दुसरे काहीच नव्हते.

या ब्रह्मांडाला पहिली टाचणी लावली ती आमच्या मराठीच्या मास्तरांनी. "गाढवा, विश्व नव्हे, विसे! अठरा विसे किती?"

"तीनशे साठ."

"आणि वर्षाच्या तिथी?"

महिन्याच्या ३०, महिने १२, म्हणजे ३६०च. एकही तिथी न चुकवता दारिद्र्य! हिशेब चोख होता. आजीसुद्धा आंबे आणि गोवऱ्या विशांतच मोजायची. "मग अधिक महिन्यात दारिद्र्याला सुट्टी का?" एवढेच मी विचारले आणि छडी खाल्ली.

पुढे नोकरीत जमिनीची जुनी दप्तरे चाळायची वेळ आली, तेव्हा दुसरा अर्थ हाती लागला. विसवा किंवा विश्वा म्हणजे विसावा हिस्सा. अकबराच्या राज्यात एका बिघ्याचे २० बिस्वे धरीत. सोळाव्या शतकातल्या 'आईन-इ-अकबरी'त तशी नोंदच आहे. आपल्याकडे बिस्व्याऐवजी पांड, पण बिघ्याला तेही वीसच. हिंदीत 'बीसों बिस्वे' म्हणजे आपले सोळा आणे. या हिशेबाने अठरा विश्वे म्हणजे विसांतले अठरा भाग, शेकडा नव्वद! घराण्याचे दारिद्र्य एकदम दहा टक्क्यांनी घसरलेले पाहून मला फार वाईट वाटले.

दोन्ही अर्थांचे वकील अजून भांडतात. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. हा शब्द दारिद्र्याखेरीज दुसऱ्या कुणाशी संसार करीत नाही. अठराविश्वे श्रीमंती कधी ऐकली आहे? श्रीमंताकडे मोजण्यासारखे पुष्कळ असते, पण तो आकडा सांगत नाही. विश्वे मोजून सांगतो तो गरीबच.

मोठ्या ऐटीत मी हा शोध आजीला ऐकवला. "म्हणजे आजी, विसांतले अठरा विश्वेच दारिद्र्य होतं. मग वरचे दोन कुठे गेले?"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जातात कुठे? दारी कुणी आलं तर त्याला वाढायला नकोत का?"