निष्क्रियतेचा पुरावा

विषाणू निष्क्रिय करणे म्हणजे त्याची रचना तपासणीस उपयोगी पडेल इतपत शाबूत ठेवून पेशीत शिरून वाढण्याची त्याची क्षमता नष्ट करणे. रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे किंवा विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधण्यासाठी जिवंत विषाणूची आवश्यकता नसते. म्हणून नमुना प्रथम निष्क्रिय करावा आणि मगच साध्या प्रयोगशाळेत न्यावा, ही आजची रीत सहज पटण्यासारखी आहे. विषाणू मारणारी द्रव्ये शोधण्यास शास्त्रज्ञांना फारसा वेळ लागला नाही. तो मेल्याची खात्री कशी करावी, हे शिकण्यात मात्र अर्धे शतक गेले.

या शिक्षणाचा पहिला मोठा धडा लसनिर्मितीतून मिळाला. योनास साल्क यांच्या पोलिओ लसीत विषाणू फॉर्मॅलिनने, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणाने, ३७ अंश सेल्सिअसवर निष्क्रिय केला जात असे. कालावधी वाढेल तसतशी जिवंत विषाणूंची संख्या ठरावीक गतीने घटत जाते आणि आलेखात ही घट सरळ रेषेसारखी दिसते, हे साल्क यांचे गृहीतक असल्यामुळे, तीच रेषा पुढे वाढवून विषाणू पूर्ण संपण्याचा क्षण गणिताने सांगता येईल असे मानले गेले. १२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत ही लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत कॅलिफोर्नियातील कटर लॅबोरेटरीजने तयार केलेला साठा परत बोलवावा लागला, कारण त्यातील काही लसीत जिवंत विषाणू शिल्लक होता. लस घेतलेली मुले आणि त्यांच्या सहवासातील माणसे मिळून सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला, तर १० जण दगावले. गाळलेला द्रव साठवून ठेवलेला असताना त्यात गुठळ्या तयार होत आणि त्यांच्या आत दडलेल्या विषाणूंपर्यंत फॉर्मॅलिन पोहोचत नसे. परिणामी, सरळ उतरायला हवी होती ती रेषा शेवटी शेपटीसारखी लांबत जाई. स्वीडनचे स्वेन गार्ड यांनी या शेपटीकडे लक्ष वेधले होते. तिची दखल उशिरा घेतली गेली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

रक्त आणि ऊतींच्या नमुन्यांबाबत तर त्या काळी एवढीही शिस्त नव्हती. तोंडाने पिपेट ओढणे ही तेव्हा सर्वत्र चालणारी गोष्ट होती. १९६७ मध्ये मारबुर्ग, फ्रँकफर्ट आणि बेलग्रेड येथे युगांडातून आणलेल्या माकडांच्या ऊतींवर काम करणाऱ्यांना एका अज्ञात विषाणूची लागण होऊन ३१ जण आजारी पडले आणि त्यांपैकी ७ जण मरण पावले. १९७६ मध्ये झाईरमधील इबोलाच्या पहिल्या साथीचे रक्तनमुने अँटवर्पला पोहोचले ते एका साध्या थर्मासमधून, आणि त्यातली एक कुपी वाटेत फुटलेली होती.

पुण्याचा अनुभव याच काळातला आहे. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात, माकडे मरत असताना, नवा विषाणू शोधला. पुढे त्यावर काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनाही प्रयोगशाळेतच त्याचा संसर्ग झाला. याच विषाणूविरुद्ध नंतर जी लस वापरली गेली, तीही फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेलीच होती. आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात अतिधोकादायक विषाणूंसाठीची चौथ्या जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा उभी राहण्यास २०१२ साल उजाडले.

ऐंशीच्या दशकात एड्समुळे रक्ताची भीती सर्वत्र पसरली, तेव्हा अनेक ठिकाणी रक्तजल, म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरणारा पातळ द्रव, ५६ अंशांवर तापवले जाऊ लागले. ही युक्ती मुळात रक्तातील 'पूरक' नावाची प्रथिने निकामी करण्यासाठी होती, ही थोडी विसरली गेलेली बाब. त्यानंतर आली ग्वानिडिन थायोसायनेटयुक्त बफर द्रावणे, जी प्रथिनांची घडी विस्कटून आतले जनुकीय द्रव्य मोकळे करतात. नमुना अशा द्रावणात मिसळला की तो निरुपद्रवी झाला, असा विश्वास बसत गेला. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीच्या काळात, २०१५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र दाखवले की, अशा एका सर्वत्र वापरात असलेल्या बफरने एकट्याने इबोला विषाणू पूर्णपणे निष्क्रिय होत नाही. त्याला इथेनॉलची जोड दिल्यावरच तो होतो.

त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या एका केंद्राने गॅमा किरणांनी मृत समजून पाठवलेले अँथ्रॅक्सचे नमुने जिवंत असल्याचे आढळले. हे जिवाणू होते, विषाणू नव्हेत. पण चूक तीच होती. २०१७ पासून अमेरिकेत धोकादायक रोगजंतू निष्क्रिय केल्याचा दावा करणाऱ्या प्रयोगशाळेने आपली पद्धत प्रयोगाने पडताळून दाखवणे आणि नमुन्यासोबत तसे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. ही पडताळणी करताना निष्क्रिय म्हटलेला नमुना पेशींच्या संवर्धनात मिसळून विषाणू वाढतो का हे पाहावे लागते, आणि रसायनच पेशींना मारून टाकून खोटा दिलासा देत नाही ना, हेही त्यासोबत तपासावे लागते.