दोन महाळुंगे आणि एक टेकडी

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची दोन गावं आहेत. एक खेड तालुक्यातलं, चाकणच्या शेजारचं. बजाज ऑटोचा पल्सर घडवणारा कारखाना त्याच्याच हद्दीत आहे. दुसरं मुळशीतलं, मुळेच्या काठचं, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला खेटलेलं आणि २०२१ साली पुणे महापालिकेत सामील झालेलं. या दोन नावांना तिसरी जागा जोडावी लागते, ती कोथरूडच्या माथ्यावरची वेताळ टेकडी. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या टेकडीवर आहे. देशात विकायची मोटरसायकल किती धूर सोडते, हे मोजून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. गाडी घडवणारे, मोजणारे आणि घरी नेऊन तिचं इंजिन उघडणारे असे तिघेही पुण्यात एका शहराच्या परिघात राहतात. म्हणून धुराचे नियम आणि गाडीची ‘पॉवर वाढवणं’ यांच्यातली ओढाताण इथे जितकी जवळून दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल.

सुरुवात नियमाविनाच झाली. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहा आरएक्स १०० बाजारात आणली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. त्याच वर्षी आलेली हिरो होंडाची सीडी १०० जवळपास तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून सात-साडेसात अश्वशक्ती काढत होती. फरक टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचा. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नाहीत, हलणारे भाग थोडे, आणि सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, कानशीने घासता येतात. ब्लॉक काढायचा, एक्झॉस्टचा पोर्ट किंचित वर न्यायचा, हेड थोडं कापायचं, सायलेन्सरमधला बफल बदलायचा, कार्बोरेटरमध्ये मोठा जेट बसवायचा. सुटे भाग नाना पेठेत मिळत आणि हत्यारं प्रत्येक गॅरेजात असत. किंमत मोजायची ती हवेने. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल-मिश्रण जळण्याआधीच काही अंशी सायलेन्सरमधून निसटतं, आणि पोर्ट जितका मोठा तितकं जास्त निसटतं.

१९९१ मध्ये पेट्रोल वाहनांसाठी वस्तुमानावर आधारित पहिले निकष आले. दुचाकीला किलोमीटरमागे १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. ही मर्यादा इतकी सैल होती की तिला मर्यादा म्हणणंही धाडसाचंच. १९९६ मध्ये ती साडेचार ग्रॅमवर आली, २००० मध्ये दोनवर, २०१० मध्ये एकवर. १९९६ मध्येच आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. फोर-स्ट्रोकची लाट आली, नियमही कडक होत गेले, आणि टू-स्ट्रोक मोटरसायकल या दोन्हींखाली सापडली.

या आकड्यांच्या मागे एक मजेची गोष्ट होती. चाचणी कशी घ्यायची, यासाठी ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ ठरलेली होती. गाडी रोलरवर चढवायची आणि १०८ सेकंदांचा ठरावीक वेगक्रम सहा वेळा चालवायचा. त्यात सर्वांत जास्त वेग होता ताशी ४२ किलोमीटर. म्हणजे थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर इंजिन काय करतं, हे कागदावर येतच नव्हतं. रेसिंगचं वेड असलेल्या पोरांना जे हवं होतं ते सगळं त्या ४२ च्या पलीकडे.

नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली आणि २००३ मध्ये तिला दोन स्पार्क प्लगचं डीटीएस-आय इंजिन मिळालं. पुण्यातल्या एका पिढीची हाताची कामं आता फोर-स्ट्रोकवर सुरू झाली: हवेचा मोकळा फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा मेन जेट, बदललेले स्प्रॉकेट. जेट बदलण्यामागचं गणित साधं आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. पण सर्वांत जास्त ताकद मिळते ती थोडं जास्त पेट्रोल दिल्यावर, साडेबारा-तेराच्या आसपास. आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो मात्र १४.७ च्या अगदी जवळपास. ताकद आणि स्वच्छ धूर यांचं भांडण या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. मेकॅनिकच्या खिशातला जेट ते अंतर ताकदीच्या बाजूने सरकवत असे, आणि ते एका स्क्रूड्रायव्हरने होत असे.

खुद्द कंपनीचाही मोह सुटला नव्हता. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० फ्यूएल इंजेक्शनसह आणली, २० अश्वशक्तीची. दोनच वर्षांनी तीच गाडी कार्बोरेटरवर परत आली, स्वस्त झालेली आणि अश्वशक्तीही एकाने वाढलेली. त्या काळच्या नियमांत हे बसत होतं. चाकणच्या कारखान्याने जे केलं ते नाना पेठेच्या मेकॅनिकने केलं असतं तर ‘जुगाड’ म्हटलं असतं.

मग आला मार्च २०१७ चा शेवटचा आठवडा. १ एप्रिलपासून ‘भारत स्टेज-३’, म्हणजे बीएस-३, या जुन्या निकषांची गाडी विकता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. देशभरात सुमारे सव्वाआठ लाख गाड्या साठ्यात पडून होत्या, त्यांतल्या पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. दोन दिवस शोरूमबाहेर रांगा लागल्या, सवलतींचा पाऊस पडला. बजाज ऑटो मात्र या वादात बंदीच्याच बाजूने होती. बीएस-४ बरोबर जुनी भारतीय सायकल जाऊन डब्ल्यूएमटीसी ही जागतिक चाचणी आली, जिच्यात वेग खरा होता.

१ एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने हायड्रोकार्बनची मर्यादा ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडची ०.०६ ग्रॅमवर आणली. पेट्रोलमधलं गंधकही दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला. ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो, इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ठरवतो आणि मिश्रण पुन्हा १४.७ कडे ओढतो. मोकळा फिल्टर लावला तरी ईसीयू ते ओळखून भरपाई करतो. पैसे जातात, ताकद फारशी येत नाही. मेकॅनिकच्या हातचं काम लॅपटॉपवर गेलं. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा ‘पॉवरट्रॉनिक’ नावाचा डबा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि इंजिनला वेगळा हिशेब सांगतो. त्यावर दोन मॅप ठेवता येतात आणि बटण दाबून एकातून दुसऱ्यात जाता येतं. हे बटण नुसतं सोयीचं नाही, हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

कायदा काय सांगतो, ते तसं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. आवाज आणि हवेच्या निकषांचा भंग केला तर १० हजारांपर्यंत दंड वेगळा. पण रस्त्यावर पोलिसांच्या कानाला ऐकू येतो तो सायलेन्सर, धुरातला वायू नव्हे. म्हणून पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत बुलेटचे ‘इंदोरी’ सायलेन्सर जप्त होतात आणि रोड रोलरखाली चिरडतानाचे फोटो छापून येतात. बदललेल्या मॅपचा असा फोटो निघत नाही. पुण्यात गाडीत बदल करण्याची आवड आटोक्यात आणली ती दंडाने कमी, इंजिनाच्या रचनेने जास्त.

अमेरिकेत उलटं घडलं. तिथे पर्यावरण खात्याने दुकान गाठलं. ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला तिच्या ‘सुपर ट्यूनर’ उपकरणांबद्दल १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याचा समझोता करावा लागला. अशी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणं विकली गेली होती. आपल्याकडे कारवाईचा पहिला हात चालवणाऱ्यावर पडतो. ती वस्तू बनवणारा बहुधा ‘फक्त ट्रॅकवर वापरा’ असं छापून मोकळा होतो.

तो ट्रॅक मुळशीच्या महाळुंग्याला आला, निदान एका दिवसापुरता. २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडी-महाळुंग्याच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या या संकुलात माती ओतून उंचवटे उभे केले गेले, आणि ४५० व २५० सीसीच्या गाड्या त्यांवरून उडाल्या. या गाड्यांना हेडलाइट नाही, नंबर प्लेट नाही, नोंदणी पुस्तक नाही. त्या ट्रेलरवर येतात आणि ट्रेलरवर जातात. सार्वजनिक रस्त्यावर चाकच टेकत नसल्यामुळे बीएस-६ चा त्यांच्याशी संबंध येत नाही. हौशी तरुण नवी गाडी घेऊन रात्री बायपासवर जे करू पाहतो तेच इथे नियमात राहून होतं; फक्त अशी जागा शहरात एखाद्या दिवसापुरतीच मिळते आणि तिकिटाच्या या बाजूला बहुतेकांना प्रेक्षक म्हणूनच बसावं लागतं.

एप्रिल २०२५ पासून नव्या दुचाकींना ओबीडी-२ चा पुढचा टप्पा लागू झाला. आता कन्व्हर्टर झिजला किंवा स्पार्क चुकला तरी गाडी स्वतःच नोंद घेते आणि मीटरवर दिवा लावते. जुन्या गाड्यांचा हिशेब मात्र वेगळाच. ३१ मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला पीयूसी चाचणीत साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ९००० पीपीएम हायड्रोकार्बनपर्यंत सूट आहे, तीही इंजिन मंद गतीवर चालू ठेवून. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना पर्यावरण कर भरायचा. नोंदणी पुस्तकात सीसी लिहिलेली असते, पोर्टचा आकार लिहिलेला नसतो. म्हणून पुण्यात ज्याला इंजिन खरोखर हाताने बदलायचं आहे, तो आजही नवी गाडी सोडून १९९० ची आरएक्स शोधतो, आणि चांगल्या अवस्थेतल्या अशा गाडीला आता तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.