तळटीप : टार आणि जीझिप

येथे लेखक ‘टार’ला फायली दाबून लहान करणारी आज्ञा म्हणतो, ते अर्धेच खरे. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलेली ही आज्ञा चुंबकीय फितीसाठी होती; ती ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत फायली एकामागून एक रचते, आकार कमी करत नाही. ते काम झां-लू गेली व मार्क अ‍ॅडलर यांच्या जीझिपचे (१९९२). टारच्या पर्याय-अक्षरांपैकी ‘सी’ने फायलींचा गठ्ठा बांधला जातो, ‘एक्स’ने सुटतो, ‘झेड’ने जीझिप कामाला लागते, ‘एफ’च्या लगेच पुढे गठ्ठ्याचे नाव हवे. सोडवताना फोल्डरातल्या त्याच नावाच्या जुन्या फायलीवर नवी फाइल सहसा न विचारता चढते, जुना मजकूर जातो. म्हणून आधी ‘टी’ने यादी पाहावीच. लेखकाने ही पायरी दिलेली नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली.