दोन दुष्काळ, एक विश्वास : पंडिता रमाबाईंचा अनुभव

टेंभुर्णीहून पुण्याच्या दिशेनं निघालं की इंदापूर, भिगवण, पाटस मागे पडतं आणि चौफुला येतो. तिथून उजवीकडे आत गेलं की केडगाव. सोलापूर-पुणे रेल्वेनं जाणाऱ्यांनी ते स्टेशन शेकडो वेळा पाहिलं असेल. त्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे आणि आजच्या विषयाचं मूळ तिथंच आहे. विषय असा : ख्रिस्ती परंपरेत माणूस जेव्हा म्हणतो, 'देव चांगला आहे हे मी अनुभवलं', तेव्हा तो नेमकं काय म्हणत असतो?

ही भाषा आपल्याला परकी नाही. मंगळवेढं इथून फार लांब नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली आणि विठोबानं विठू महार होऊन धान्याची रक्कम दरबारात भरली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. देव भल्याच्या पाठीशी उभा राहतो, ही त्यातली खात्री. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला सवय असते उलटा प्रश्न विचारायची. ज्याच्यासाठी विठू महार आलाच नाही, त्यानं काय म्हणायचं? रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नापासूनच सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना निवडलं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करला, तरी मागे हटले नाहीत. रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामुळाच्या रानातला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, समोर येईल त्या दक्षिणेवर राहायचं, वर दानधर्मही करायचा. आईनं रमाबाईंना भागवत शिकवलं ते याच भटकंतीत. मग 1870 च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकलं, काही देवकार्यात खर्च केलं, कारण देव प्रसन्न होऊन परत देईल असा भरवसा होता. भीक मागायची नाही आणि मजुरीही करायची नाही. विद्येचा आणि जातीचा अभिमान आडवा येत होता. हे आम्ही आमच्या पदरचं सांगत नाही, रमाबाईंनी स्वतः पुढे हे निर्दयपणे लिहून ठेवलं आहे. शेवटचा तांदूळ संपला तेव्हा रानात झाडपाल्यावर दिवस काढले. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो, आणि तो विचार तेवढ्यापुरता टळला. पण थोड्याच काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदे द्यायला माणसं पुरेनात. चौथा खांदा रमाबाईंचा, आणि उंची कमी पडते म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला.

आता इथं थांबायला हवं. अनंतशास्त्र्यांचा विश्वास कमी होता का? मुळीच नाही. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर. असा हा विश्वास, आणि फळ काय तर भूक. ज्या बाईनं हे डोळ्यांनी पाहिलं ती पुढे 'देव चांगला आहे' म्हणते, तेव्हा ते वाक्य सुखवस्तू घरात सकाळी गरम चहाबरोबर म्हटलेलं नसतं, एवढं तरी आपण लक्षात घेऊ.

मधला काळ भराभर सांगतो. भावाबहिणीनं देशभर पायपीट केली, 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, जात वेगळी, प्रांत वेगळा. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या सुरुवातीला पतीही गेले. मग पुणं, आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', आणि 1883 मध्ये इंग्लंड. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेज इथं रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात या बाप्तिस्म्यानं जे वादळ उठलं ते आपल्याला ठाऊक आहे. ज्योतिबा फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हेही ठाऊक आहे. पण पुष्कळ लोक इथंच गोष्ट संपवतात : बाप्तिस्मा झाला, म्हणजे श्रद्धा मिळाली. रमाबाईंचं स्वतःचं म्हणणं तसं नाही. इंग्लंडमध्ये त्यांना हलवलं ते एका दृश्यानं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथल्या सिस्टर्सचं काम त्यांनी लंडनच्या फुलम भागात पाहिलं. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्यांची बुद्धी आणि नीती दोन्ही जिंकली गेली. तरीही सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धांतावरून पत्रांतून कडाक्याचा वाद चालला होता. पाळकांनी सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ब्राह्मणांच्या अधिकाराचं जोखड उतरवलं ते काय दुसऱ्यांचं घ्यायला?

पुढे अमेरिका, तिथं विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांच्या मदतीचं आश्वासन, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. आणि मग 1891. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ अनेक वर्षं पाळक होता आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण ज्याचा उपदेश करतो ते आपल्यापाशी नाही. रमाबाईंना आपलंच चित्र दिसलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी!

मराठीत यासाठी छान शब्द आहेत. मत वेगळं आणि भरवसा वेगळा. पूल भक्कम आहे हे माझं मत. त्या पुलावरून मी पोराला घेऊन नदी ओलांडतो, हा माझा भरवसा. स्तोत्रसंहितेच्या 34व्या स्तोत्रात देवाचा चांगुलपणा चाखून बघायला सांगितलं आहे. तिथं जीभ वापरायची आहे, नुसती बुद्धी नव्हे. आपल्याकडे प्रचीती म्हणतात तेच. 1891 मध्ये रमाबाई पुलावर चढल्या. आणि पूल जोखला गेला पाच वर्षांनी.

1896 चा दुष्काळ. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येत होत्या. रमाबाई तिकडे गेल्या, रस्त्यांवर आणि छावण्यांतून हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आपलं रान, आपला झाडपाला उभा राहिला. शारदा सदनाचा पैसा शारदा सदनासाठी होता. तरी त्यांनी ठरवलं, तीनशे मुली आणायच्या. पैसे नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलेलं होतं. त्यानं कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर, हजारो अनाथ सांभाळले आणि वर जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला. हे इथं का होऊ नये, असा सरळ प्रश्न. मुली आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, त्यामुळे शहरात ठेवता येईनात. केडगावला घेतलेली जमीन होती, तिथं तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. त्याच मुक्ती मिशनमध्ये 1900 च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

विश्वास म्हणजे हातावर हात धरून बसणं, असं समजणाऱ्यांनी केडगावची कामं बघावीत : विहिरी खणणं, शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना. बापानं जी मजुरी कमीपणाची मानली, ती लेकीनं उपासनेच्या शेजारी बसवली. आमच्या मते दोन दुष्काळांतला हा सर्वांत मोठा फरक आहे. आणि 1897 मध्ये प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली. भरवसा देवावर होता, गव्हर्नरसाहेबांवर नव्हे.

1905 मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली रात्ररात्र प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. परदेशांत त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. आमचं मन मात्र त्यापेक्षा विहिरींपाशी जास्त रेंगाळतं. हा स्वभावाचा भाग समजा.

आता कठीण प्रश्न. विल्यम जेम्स यांचा 'विल टू बिलीव्ह' हा निबंध 1896 चाच. त्यांचा मुद्दा असा की काही सत्यं आधी विश्वास टाकल्याशिवाय अस्तित्वातच येत नाहीत. समोरचा माझा मित्र आहे का, याचा पुरावा मिळेपर्यंत मी ताठ उभा राहिलो, तर मैत्री होणारच नाही. रमाबाईंच्या बाबतीत हे पटतं. तीनशे मुली आणायच्या आधी पैशाचा पुरावा मागितला असता, तर अनुभव घ्यायला मुक्ती उरलीच नसती. पण मैत्री विश्वासानं होते, पाऊस होत नाही. 1896 मध्ये प्रार्थना करणाऱ्या कितीतरी आया रस्त्यावर मेल्या. केडगावला पोचलेल्याही काही मुली वाचल्या नाहीत. तेव्हा मुक्ती चालली म्हणून देव चांगला सिद्ध झाला, हे अनुमान न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही मोडून काढील. रमाबाईंनाही न्याय कळत होता. त्या अनुमान करत नव्हत्या, साक्ष देत होत्या. साक्षीचं वजन साक्षीदारावर असतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. भुकेनं मरणाऱ्या मुलीला भाकरी देणारा हात ज्या देवाचं नाव घेतो, तो देव ती नाकारणार कशी? 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात, यावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही दोघं क्षुद्र माणसं नव्हती. आम्हांला त्यांची शंका खरी वाटते आणि रमाबाईंचं उत्तरही खरं वाटतं, की माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. मात्र सदनातल्या विधवा आणि दुष्काळातल्या पोरी यांत अंतर आहे. पोरींना निवड कितपत होती? हे कोडं धर्मांतरवाल्यांनी सोडवलेलं नाही, पण त्या पोरींना रस्त्यावर सोडून देणाऱ्यांनी ते विचारावं, हेही शोभत नाही.

आणि 'व्यक्तिगत विश्वास' हा शब्दही थोडा फसवा आहे. विश्वास एकाचा, उपास घराचा. अनंतशास्त्र्यांच्या भरवशाची किंमत पोरांनी मोजली. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला, तेव्हा संसाराची घडी कुणाला सांभाळावी लागली, हे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको. मनोरमाबाई तर लहानपणापासून आईच्या विश्वासात वाढल्या, शिकल्या, परत येऊन आईच्याच कामाला जुंपल्या. 1921 च्या जुलैत, चाळिशीत, त्या गेल्या.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा आणि आता एकुलती एक लेक. मुक्तीच्या छापखान्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं काम चालू होतं. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवत होत्या. लेकीनंतरचे महिने त्यांनी त्या प्रुफांवर काढले. तीच बाई, जिच्या बापानं तिला देवाच्या हाती सोपवलं होतं. आणि ज्या देवाची आपल्या बापाला नावानं ओळख नव्हती तरी ज्याच्यावर त्यानं प्रेम केलं तोच हा देव, असं ती शेवटपर्यंत मानत होती. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा प्रुफं तपासून झालेली होती.