मूळ प्रतीची राखण

आपण तयार केलेला कागद दुसऱ्याच्या हाती दिला की दोन प्रश्न उभे राहतात. परत आलेला कागद तोच आहे का? आणि मधल्या काळात त्यात कोणी काही बदलले असेल, तर ते आपल्याला कळेल का? आज हे प्रश्न सर्वाधिक पडतात ते संगणकावरच्या तक्त्यांबाबत. वर्गाचा निकाल, पटसंख्या, सहलीचा हिशोब, प्रयोगांची निरीक्षणे अशा कितीतरी गोष्टी आपण एक्सेलसारख्या प्रणालीत नोंदवतो. एकाने केलेली फाईल दहा जणांकडे जाते. आठवडाभरात ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘खरी अंतिम’ अशा तीन फायली तयार होतात आणि मूळ कोणती हेच कळेनासे होते.

प्रश्न नवा वाटला तरी तो जुना आहे. माणसाने त्यावर वेळोवेळी शोधलेली उत्तरे पाहिली, तर ‘मूळ प्रत जपणे’ म्हणजे नेमके काय, हे समजायला मदत होते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये दोन पक्षांमधला करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत. दोन्ही मजकुरांच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एखादा शब्द लिहिला जाई आणि त्या शब्दामधूनच चर्मपत्र नागमोडी किंवा दातेरी रेषेत कापले जाई. दोघांना एकेक तुकडा मिळे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे. कडा जुळल्या आणि कापलेला शब्द पुरा झाला, तर दोन्ही तुकडे खरे. ११९५ मध्ये राजाच्या न्यायालयाने जमिनीच्या तडजोडींसाठी या पद्धतीत एक भर घातली. मजकूर तीनदा लिहायचा, वरच्या दोन प्रती दोन पक्षांना द्यायच्या आणि चर्मपत्राच्या तळाशी लिहिलेली तिसरी प्रत न्यायालयाने स्वतःकडे ठेवायची. अशा हजारो तिसऱ्या प्रती ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेल्या आहेत.

या पद्धतीत कुलूप कुठेच नाही. आपल्या प्रतीत खाडाखोड करायला कोणाचीही आडकाठी नव्हती. मात्र ती खाडाखोड इतर दोन प्रतींशी ताडून पाहताच उघडी पडे. म्हणजे राखण दोन गोष्टींनी होत होती. एक प्रत त्रयस्थाकडे न बदलता राहत होती, आणि झालेला बदल ओळखता येत होता.

शिवाय कागद आणि चर्मपत्र स्वतःही साक्षीदार असतात. खोडल्याची खूण, शाईतला फरक, खरवडलेली जागा यांतून बदल दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहिती चुंबकीय फितीवर साठवली जाऊ लागली आणि हा साक्षीदार नाहीसा झाला. फितीवर जुन्या नोंदीवर नवी नोंद झाली, की वापरणाऱ्याच्या दृष्टीने जुनी नाहीशीच होते, खूणही उरत नाही. त्यामुळे आता बदल होण्याआधीच तो अडवणे गरजेचे झाले.

संगणकाच्या फितीच्या मोठ्या चाकामागे एक खाच असे. त्या खाचेत प्लास्टिकचे कडे बसवलेले असेल, तरच यंत्र त्या फितीवर लिहू शके. ‘कडे नाही तर लेखन नाही’ हा तिथल्या कर्मचाऱ्यांचा पाठच होता. गाण्यांच्या कॅसेटच्या मागच्या बाजूचे दोन छोटे तुकडे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. तो तुकडा मोडला की त्या बाजूवर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नसे, आणि करायचेच असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला खाच असे. तिच्यावर कागदी पट्टी चिकटवली की फ्लॉपी केवळ वाचता येई. त्याआधीच्या आठ इंची फ्लॉपीत नेमके उलटे होते, तिथे खाच उघडी असली की लेखन बंद. साडेतीन इंची फ्लॉपीत सरकणारी खिटी आली. या सगळ्या युक्त्यांचे बळ एकच होते. मज्जाव यंत्राच्या रचनेतच होता आणि तो उठवायला हाताने काहीतरी करावे लागे. नकळत काही पुसले जाण्याची भीती त्यामुळे फार कमी झाली.

मग तक्त्यांच्या प्रणाली आल्या. हार्वर्डच्या व्यवसाय व्यवस्थापन शाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना १९७८ मध्ये एक कल्पना सुचली. फळ्यावरच्या हिशोबाच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागते. हे काम संगणकानेच का करू नये? त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी मिळून तयार केलेली ‘व्हिजिकॅल्क’ ही प्रणाली १९७९ मध्ये अ‍ॅपल-२ या संगणकासाठी विक्रीला आली. चौकटीत आकडा लिहिता येई, तसेच सूत्रही लिहिता येई, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत.

इथे राखणीचा प्रश्न नव्या रूपात आला. तक्त्यात दिसतो तो सूत्राचा परिणाम, सूत्र त्याच्या मागे दडलेले असते. समजा, एका विद्यार्थ्याच्या गुणांची बेरीज ३४२ दिसते आहे आणि ती सूत्राने आलेली आहे. कोणीतरी त्या चौकटीत ‘३४२’ हाच आकडा हाताने टाईप केला. दिसायला काहीच बदलले नाही, पण सूत्र गेले. पुढे फेरतपासणीत गणिताचे गुण ६१ चे ६७ झाले, तरी बेरीज ३४२ वरच राहणार. हा बदल नुसता तक्ता पाहून कोणाच्याही लक्षात येणार नाही. फितीवरची नोंद पुसली गेली तर निदान ती नाहीशी झाल्याचे कळते. इथे नासधूस होऊनही तक्ता ठाकठीक दिसतो.

यावर उपाय म्हणून चौकटींना कुलूप लावण्याची सोय आली. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या प्रणालीत ती होती. तिची रीत पहिल्यांदा वापरणाऱ्याला चक्रावून टाकी. प्रत्येक चौकट मुळातच कुलूपबंद मानलेली असे, पण संपूर्ण तक्त्याचे संरक्षण सुरू करेपर्यंत त्या कुलपांचा काहीच परिणाम होत नसे. म्हणून ज्या चौकटी इतरांनी भरायच्या आहेत त्या आधी मोकळ्या करायच्या आणि मगच संरक्षण सुरू करायचे. १९८५ मध्ये मॅकिन्टॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी आलेल्या एक्सेलमध्येही हाच क्रम आहे आणि तो आजतागायत टिकून आहे. ‘संरक्षण लावले तर कोणालाच काही भरता येईना’ अशी तक्रार शाळाशाळांतून ऐकू येते, तिचे कारण बहुधा हा क्रम चुकणे हेच असते.

या कुलपाची ताकद किती? जुन्या एक्सेल फायलींमध्ये तक्त्याच्या संरक्षणासाठी दिलेला परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवला जात नसे. त्यापासून काढलेली १६ बिटांची एक संख्या साठवली जाई. १६ बिटांत जास्तीत जास्त ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. परवलीचे शब्द मात्र अगणित होऊ शकतात, म्हणजे असंख्य शब्दांना एकच संख्या मिळणार. खरा शब्द माहीत नसला तरी तीच संख्या देणारा कुठलाही शब्द चाले, आणि असा शब्द शोधणे हे संगणकाला काही मिनिटांचे काम. एक्सेल २०१३ पासून ही संख्या काढण्याची पद्धत पुष्कळ भक्कम झाली, तरी तक्त्यातला मजकूर फाईलमध्ये उघडाच राहतो. हे संरक्षण सुरक्षेसाठी नसून चुकून होणारे बदल टाळण्यासाठी आहे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. फाईल उघडण्यासाठीचा परवलीचा शब्द ही वेगळी गोष्ट आहे. त्यात सारा मजकूर सांकेतिक रूपात बदलला जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर तक्त्याचे संरक्षण म्हणजे फळ्यावर ‘पुसू नये’ असे लिहिणे, आणि उघडण्याचा परवलीचा शब्द म्हणजे कपाटाला कुलूप घालणे. ‘पुसू नये’ या पाटीचा उपयोग नाही असे नाही. बहुतेक लोक ती पाळतात. पण पाटीला कुलूप समजू नये.

दर वेळी बदल करणारा माणूसच असतो असेही नाही. जनुकांना संक्षिप्त नावे असतात. ‘सेप्टिन’ कुळातल्या एका जनुकाचे नाव होते ‘सेप्ट-२’. एक्सेलला ते २ सप्टेंबर वाटले आणि त्याने त्याची तारीख करून टाकली. ‘२३१०००९ई१३’ यासारखा ओळख क्रमांक त्याला २३१०००९ पुढे तेरा शून्ये अशी संख्या वाटला. २००४ मध्ये संशोधकांनी याकडे लक्ष वेधले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांच्या याद्यांत अशा चुका होत्या. अखेर जनुकांचीच नावे बदलावी लागली. ‘सेप्ट-१’ चे ‘सेप्टिन-१’ झाले, आणि नावे ठरवताना हा धोका लक्षात घ्यावा असे २०२० च्या नियमावलीत आले. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

इथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. फाईल उघडली आणि जतन केली, एवढेच घडले. मूळ नोंदी ज्यांनी वेगळ्या, अस्पर्शित ठेवल्या होत्या त्यांना चूक दुरुस्त करता आली. ज्यांच्याकडे तारखा झालेली यादीच उरली, त्यांना मूळ नाव काय होते याचा तर्क करत बसावे लागले. न्यायालयाकडे राहणाऱ्या तिसऱ्या प्रतीचे महत्त्व इथे पुन्हा पटते.

मग मूळ फाईल कोणाला दाखवूच नये, हा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणायचा का? या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रातल्या एका घटनेने दिले आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासाचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असा त्यातला एक निष्कर्ष होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चात कपात करू पाहणारे नेते या निबंधाचा दाखला देत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हे आकडे पुन्हा काढायचा प्रयत्न केला. ते जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला.

तक्त्यात सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींवर चालायला हवे होते. ते ४४ व्या ओळीलाच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे तळाचे पाच देश सुटले होते. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पॉलिन यांनी एप्रिल २०१३ मध्ये काढलेली सरासरी उणे ०.१ नसून २.२ टक्के होती. या फरकात सूत्राच्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा वाटा होता काही वर्षांचे आकडे न धरण्याचा आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीचा. त्यावर दोन्ही बाजूंत मतभेद राहिले. सूत्रातली चूक मात्र मूळ लेखकांनी मान्य केली.

लेखकांनी तक्ता दिलाच नसता, किंवा सूत्रे झाकून नुसते आकडे दिले असते, तर मूळ फाईल अगदी सुरक्षित राहिली असती आणि तिच्यातली चूकही. म्हणून आम्हाला वाटते, की मूळ प्रतीची राखण बदलांपासून करावी, नजरेपासून करू नये. विद्यार्थ्यांचे पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक अशी खासगी माहिती अर्थातच झाकली पाहिजे, पण बेरीज कशी केली ते झाकण्याचे कारण नाही.

२००६ मध्ये गूगलने इंटरनेटवर चालणारे तक्ते आणले. त्यांत एकच मूळ तक्ता असतो आणि सारे जण तिथेच येतात. कोणाला फक्त पाहण्याचा, कोणाला शेरा लिहिण्याचा, तर कोणाला बदल करण्याचा अधिकार देता येतो. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते आणि जुन्या रूपाकडे परत जाता येते. कागदाचा हरवलेला साक्षीदार अशा रीतीने परत आला आहे.

शाळेच्या कामापुरते पाहिले तर फार खटाटोप लागत नाही. मूळ फाईल तारखेसह नाव देऊन वेगळ्या जागी ठेवावी आणि नेहमी तिची प्रतच पाठवावी. ज्यांना केवळ वाचायचे आहे त्यांना पीडीएफ द्यावी. ज्यांनी माहिती भरायची आहे त्यांच्यासाठी तेवढ्याच चौकटी मोकळ्या ठेवून संरक्षण लावावे, सूत्रे मात्र दिसू द्यावीत. परत आलेली प्रत मूळ फाईलवर थेट उतरवू नये, आधी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात.

हे मुलांबरोबरही करून पाहता येईल. दहा विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता करा, त्याची प्रत काढा आणि प्रतीतल्या एका बेरजेच्या जागी तोच आकडा हाताने लिहा. दोन्ही तक्ते दोन गटांना द्या आणि कोणता मूळ आहे ते ओळखायला सांगा. नुसते पाहून ओळखता येणार नाही. एखादा गुण बदलून पाहण्याची युक्ती मुलांना किती वेळात सुचते, ते पाहावे.